चोवीसपैकी तेवीस

“मॅडम, चोवीसपैकी तेवीस!” खरात सरांनी माझ्या टेबलावर वही उघडून ठेवली. “फक्त चमच्याला चुकून राह्यली.”

वहीत लाल शाईने रकाने आखले होते. तारीख, कार्डाचं नाव, चूक-बरोबर, शेरा. सर जाफराबादकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बायको करुणा आणि पाच वर्षांची सांची यांना घेऊन एसटीने जालन्याला माझ्याकडे यायचे. मी स्पीच थेरपिस्ट. सांचीला ऑटिझम आहे आणि ती बोलत नाही.

“आणि चावणं?” मी विचारलं.

सरांनी वही मिटली. करुणाने सांचीची बाही वर केली. मनगटावर जुना घट्टा होताच, त्यावर ताजे दात उमटले होते.

“कार्डं आल्यापासून जास्तच चावून राह्यली, मॅडम.”

“म्हणून ठरवलं,” सर म्हणाले, “आजचा शेवटचा शनिवार. दोन महिने झाले. सगळं ओळखती, पण बोलत न्हाई, अन् वरून हाताचं हे असं. मंग काय फायदा?”

माझं डोकंच फिरलं. ही कार्डं म्हणजे काय, ते सांगते. ज्या मुलाला शब्द सापडत नाहीत, त्याच्यासाठी पाणी, पोळी, झोका, शू अशी छोटी चित्रं एका फाईलवर चिकटवलेली असतात. मुलाने पाण्याचं चित्र काढून आपल्या हातात दिलं की आपण पाणी द्यायचं. लगेच. एवढंच. कार्डांमुळे मूल बोलायचं विसरेल ही भीती प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. मागितलं की मिळतं हे कळलं तर उलट त्याला हुरूप येतो. हे सगळं मी खरात जोडप्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या शनिवारी सांगितलं, चौथ्या शनिवारी सांगितलं. सरांनी दर वेळी मान डोलावली होती. नुसती मान डोलावली नव्हती, लिहून घेतलं होतं!

बरं, माझ्यासमोर सांची व्यवस्थित कार्ड द्यायची. मी दिलेला झोका घ्यायची, बिस्किट घ्यायची, हाताला तोंडही लावायची नाही. तेव्हा आई-वडील बाहेर बाकावर बसलेले असायचे. मग घरी असं काय बिघडत होतं?

“रोज करता ना?” मी जरा तिखटच विचारलं.

“रोज! सात ते साडेसात. एक दिवस खाडा न्हाई.”

आमची ही हुज्जत चालू असताना सांचीने फाईल उघडली. उन्हातून दोन तासांचा प्रवास करून आली होती. पाण्याचं कार्ड ओढून काढलं आणि सरांच्या हातात ठेवलं.

सरांचा चेहरा खुलला. “बघा मॅडम! शाब्बास! पाणी! बराबर!” त्यांनी कार्ड फाईलला परत चिकटवलं आणि दुसरं दाखवलं. “आता हे काय? ग्लास कुठाय, ग्लास?”

सांचीने ग्लासकडे पाहिलंच नाही. पाण्याचं कार्ड पुन्हा काढलं, पुन्हा दिलं.

“हो, पाणी. ते झालं. आता ग्लास.”

तिसऱ्यांदा तिने ते कार्ड सरांच्या तळहातावर दाबून धरलं. सरांनी टाळ्या वाजवल्या. सांचीने मनगट तोंडात घातलं.

“अहो, पाणी द्या तिला!” मी ओरडलेच.

“पण मॅडम, ग्लास राह्यला ना अजून.”

करुणाच्या पिशवीतली बाटली मीच ओढून घेतली. सांची गटागटा प्यायली. मनगट ओलं होतं, ते तिने फ्रॉकला पुसलं आणि शांतपणे झोक्याकडे गेली.

मी बाटली करुणाला परत दिली. मग करुणा हळूच म्हणाली, “मी सैपाक करताना ती पोळीचं कार्ड घेऊन माझ्यामागं फिरती. मी म्हणायची, जा पप्पाकडं, सातला अभ्यास हाये.”

“म्हंजे ती मागून राह्यली व्हती?” सरांनी विचारलं.

“दोन महिने,” मी म्हणाले.

सर वहीकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि खूप वाईटही वाटत होतं. या माणसाने पोरीसाठी एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. त्यांना फक्त शिकवता येत होतं, तर त्यांनी शिकवलं. आणि मी? वहीतल्या मार्कांवर दर शनिवारी ‘छान’ म्हणत आले. तुम्ही घरी कसं करता ते इथे करून दाखवा, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

“मंग मार्क कशाला द्यायचे?” सरांनी विचारलं.

“कशालाच नाही, सर!” मी कपाळावर हात मारला. पण वहीशिवाय या गृहस्थांचं चालणार नाही, हेही दिसत होतं. म्हणून म्हटलं, दोनच रकाने आखा. तिने काय मागितलं, आणि तुम्ही दिलं का.

पुढच्या शनिवारी ते आले. शेवटचा शनिवार शेवटचा राहिला नव्हता. वहीत ‘पाणी’ होतं, ‘झोका’ होता आणि एका ओळीत ‘चिवडा, नऊ वेळा, दिला, करुणा ओरडली’ असं होतं. सांची अजून एक शब्द बोललेली नव्हती. मनगटावर मात्र खपली धरली होती.

तेव्हापासून नवे पालक आले की मी आधी त्यांच्याच हातात चहाचं कार्ड देते. चहा हवा असला की हे मला द्या, म्हणते. ते देतात. मी टाळ्या वाजवते आणि बशीचं कार्ड पुढे करते. परवा अंबडचे एक गृहस्थ तिसऱ्या कार्डालाच भडकले.

“चहा द्यायचा नसंल तर सरळ सांगा ना, मॅडम!”

“तुम्हाला हे बोलता तरी येतं,” मी म्हणाले, आणि चहा सांगितला.