सहापैकी पाच नोझल खराब!

लग्नानंतरच्या अकराव्या दिवशी मी सासऱ्यांच्या ट्रकचं इंजिन तपासलं आणि जवळजवळ सगळंच बाद ठरवलं.

सुरुवात मावशीनं केली. मी स्टील प्लांटच्या लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या आगारात, हजेरीचा क्लार्क. इंजिन चालवणाऱ्यांच्या सुट्ट्या लिहितो. सोयरीक जुळवताना मावशीनं ठोकून दिलं, "पोरगा प्लांटात इंजिनाचं काम पाहते!" (मी तेव्हा खोकलो होतो. माझा विरोध तेवढाच.)

त्या सकाळी मरोद्याला सासुरवाडीत चहा घेत होतो. बाहेर मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा ट्रक काळा धूर ओकत थडथडत होता. बाराच्या आत हथखोजला माल भरायला पोचायचं, नाहीतर तिथल्या कारखान्याचं काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार!

"जवाईबापू, गाडी मिसिंग मारून राहिली. एखादा नोझल गेला असंन. मिस्तरी गावाले गेला. तुमीच पाहा न!"

"पाहतो न, मामाजी!" कोण बोललं म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं!

इंजिनात डिझेल फवारणारे नोझल सहा. इंजिन चालू ठेवून एकेकाची नळी सैल करायची आणि आवाज ऐकायचा, एवढं शेडमध्ये कानावर आलं होतं. ऐकून ठरवायचं काय, ते सांगायच्या वेळी मी कँटीनला गेलो होतो.

पहिली नळी सैल केली. इंजिन अडखळलं. "हा गेला!" घट्ट करून दुसरी. पुन्हा अडखळलं. "हाही गेला!" तिसरी... पुन्हा अडखळलं, वर डिझेलची पिचकारी थेट मामाजींच्या पांढऱ्या बनियनवर! "काई हरकत नाई," मामाजी रडवेल्या आवाजात म्हणाले. चौथीनं काडीचाही फरक पडला नाही. "वा! हा एकदम ठणठणीत!" पाचवा, सहावाही गेले.

"सहापैकी पाच?" मामाजी मटकन बंपरवर बसले. "मंग काल हे रायपूरवरून आली कशी?"

"तुमच्या पुण्याईनं," मी म्हणालो.

एवढ्यात सुनंदा, माझी बायको, बाहेर आली. तिचं अर्धं बालपण याच ट्रकच्या केबिनमध्ये गेलेलं.

"अहो, उलटं कावून सांगून राहिले? चांगल्याले बंद केलं का इंजिन अडखळते! ज्याच्यानं फरक नाई पडला, तोच खराब. चौथा!"

म्हणजे मी शाबासकी दिली तोच!

मामाजींनी इंजिन बंद केलं, सीटखालून जास्तीचा नोझल काढला आणि बापलेकीनं तो बसवला. धूर गेला, थडथड गेली.

"मामाजी," मी कबूल केलं, "मी शेडमध्ये फक्त सुट्ट्या लिहितो."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, बनियनकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. "अरे बापू, आधी सांगायचं न! पाच नोझलच्या नावानं जीव गेला होता माझा!" बाराच्या आत ट्रक हथखोजला पोचला. अकरा दिवसांत मी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

पुढे एकदा मामाजींच्या शेजाऱ्याची गाडी अडली. तो मला बोलवायला आला, तर मामाजी दारात आडवे! "आमच्या जवायाले इंजिनातलं काई म्हणता काई समजत नाई! हात नका लावू देऊ!"

इतक्या अभिमानानं माझी ओळख आजवर कोणीच करून दिलेली नाही.