काकांची बिनतुपाची करंजी

चऱ्होलीतल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी मोजमापावर श्रद्धा असलेला माणूस भोसरीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडायचा नाही. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं त्यांनी सुटे भाग तपासून पास-नापास केले आणि निवृत्त झाल्यावर तोच कायदा घराला लावला. भाजीवाल्याची दोडकी ते लांबी बघून परत करत. आमच्या जिन्यातली एक पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे हा शोध त्यांचाच. तोवर कधीच न अडखळलेले आम्ही सगळे त्या दिवसापासून तिथे अडखळू लागलो. कुणी "चालतंय हो काका" म्हटलं, की ते शांतपणे सांगत, "चालतंय हा शब्द मला चालत नाही."

काकूंचं सगळंच अंदाजाने. आणि त्या अंदाजाच्या करंज्या दर दिवाळीला इमारतीतल्या चोवीसही घरांत जात. तीन वर्षांपूर्वी मात्र काकूंना दूध सोसेनासं झालं. अंगावर गांधी उठायच्या, घसा सुजायचा. डॉक्टरांनी दूध, खवा, तूप कायमचं बंद केलं. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा काकूंनी सांगून टाकलं, की यंदा करंज्या नाहीत. जे आपल्याला चाखता येत नाही, ते दुसऱ्याच्या ताटात कुठल्या तोंडाने घालायचं? दुसऱ्या दिवशी मी माणच्या ऑफिसातून परतले, तर जन्मात चहाही न केलेल्या या माणसाने मला जिन्यात गाठून विचारलं, की तुपाऐवजी काय चालतं. मी म्हटलं, तेलाचं कडकडीत मोहन घाला आणि पीठ नारळाच्या दुधात भिजवा. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

रविवारी मी मदतीला म्हणून वर गेले, तर काका कंपनीत सुट्या भागांची जाडी मोजायचं व्हर्नियर लावून पारीची जाडी मोजत होते. सारण मात्र फक्कड होतं. सुकं खोबरं, खसखस, तीळ, गूळ. पण पहिल्या घाण्यातल्या सगळ्या करंज्या तेलात फुटल्या. काकांनी त्या कंपनीच्या रिवाजाप्रमाणे नापास मालाच्या लाल टबात टाकल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी भीतीने सारण इतकं कमी भरलं, की नुसते खुळखुळे झाले. तेही टबात गेले. आता काकांचा चेहरा पाहवेना. बाहेर बसलेल्या काकूंना टबात पडणाऱ्या करंज्यांच्या आवाजावरूनच सगळं कळलं असावं. त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पिठाला जरा हात लावून बघा. ते सांगतं."

काकांनी व्हर्नियर मिटून फ्रिजवर ठेवलं आणि पिठावर तळहात टेकवला. मग काकूंनीच पदर खोचला. पीठ अजून थोडं मुरू दिलं, कडांना नारळाच्या दुधाचं बोट लावून चिमटे काढायला शिकवलं, गॅस बारीक केला. तिसरा घाणा पापुद्रे सुटून वर आला. काकांनी त्यातली पहिली करंजी काकूंपुढे धरली. त्यांनी ती खाल्ली आणि लगेच दुसरी उचलली.

"पास?" काकांनी विचारलं. काकूंचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी मान हलवली.

पाडव्याला चोवीसही घरांत ताटं गेली. ज्यांच्या शेतावर आमची इमारत उभी राहिली, त्या आजी तळमजल्यावर राहत आणि इमारतीमागे अजून एक गाय बांधत. करंजी चाखून त्या म्हणाल्या, "तूप लई सढळ हाताने घातलंय. घरच्या गाईचं हाय व्हय?"

"आजी, एक थेंबही नाही," काका म्हणाले. त्या दिवशी ते निदान दोन इंच उंच दिसत होते.

आजींनी करंजी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मंग आमच्या गाईनं करायचं काय?" आणि आणखी चार मागून घेतल्या.

आता मी वाकडला अकराव्या मजल्यावर राहते. इथल्या शेजाऱ्यांची नावं मला दारावरच्या पाट्यांवरूनच ठाऊक आहेत. गेल्या दिवाळीला काकांच्या कृतीने करंज्या केल्या, बऱ्या झाल्या. डबा भरला आणि तो कुणाला न्यावा याचा विचार करत बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. मग समोरच्या दाराची बेल वाजवली.