न झालेला तास

बहीण गेली तेव्हा मी गेवराईच्या शाळेत दहावीचा तास घेत होतो. फोन आला. मी खडू ठेवला आणि बाहेर आलो.

ती भौतिकशास्त्रज्ञ होती. डीएनएच्या एकाच रेणूचं एक टोक काचेला चिकटवायचं, दुसऱ्याला लोखंडी मणी लावून तो चुंबकानं फिरवायचा, आणि रेणू किती पीळ सोसतो ते मोजायचं. आपल्याकडे हे काम सुरू करणाऱ्या पहिल्या काही जणांत ती होती. हे सांगताना मी नेहमी एक गोष्ट गाळत आलो. पीळ म्हणजे काय, हे ती अण्णांजवळ बसून शिकली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, चकलांब्याकडच्या गावात घायपाताचे दोर वळतात. पोळ्याआधी बैलांसाठी गावभर त्यांचे कासरे जातात. गावात आमची जात त्या दोरावरूनच ओळखतात. गेवराईत मी ती कळू दिली नव्हती.

गेल्या पोळ्याला ती आली होती. म्हणाली, "दादा, तुझ्या शाळेत एक तास घेते. अण्णांना पण नेऊ. ते दोर वळतील, मी डीएनए सांगते."

अण्णा हसले. "आन् ह्यो मास्तर काय करंल? टाळ्या वाजवंल?"

"दोर जास्त वळला की स्वतःभोवतीच गुंडाळतो ना, अण्णा? डीएनएचं तसंच होतं."

"ते मला कवाचंच ठावं हाय. मला कुणी बक्षीस दिलं न्हाई."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सदरा इस्त्रीला दिला.

संध्याकाळी मी शाळेतून येऊन सांगितलं, "हेडमास्तर नको म्हणाले." मी त्यांना विचारलंच नव्हतं. दोर घेऊन बसलेले अण्णा आणि समोर माझा वर्ग, एवढंच दिवसभर डोळ्यांपुढे होतं.

 ती "बरं" म्हणाली. अण्णा म्हणाले, "आपल्याला कोण बोलवतंय शाळंत," आणि सदरा पेटीत ठेवला.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी हेडमास्तर गावी भेटायला आले. अण्णांसमोरच म्हणाले, "सर, एवढी मोठी बाई. एकदा तरी शाळेत आणायची होतीत. मला बोलला पण नाहीत कधी."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "च्या घ्या, सर."

आता दर रविवारी मी गावी जातो. आम्ही दोघं जेवतो. त्यांनी मला अजून काही विचारलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही.