सुपाच्या वाऱ्यावरचा प्रोसेसर

उमरग्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथला संगणक इतका म्हातारा, की त्याच्याशी अहोजाहोच करावं. खंडेनवमीला त्याची पूजा केली आणि भक्तीच्या भरात मूठभर अक्षता थेट सीपीयूच्या डब्याच्या जाळीवर उधळल्या.

दसरा करून दुसऱ्या दिवशी तीन वाजता आरामात दुकान उघडलं, तर दारात एक ताई सकाळपासून उभ्या. अंगणवाडी मदतनीसाचा फॉर्म. शेवटचा दिवस, पाचला वेबसाइट बंद. नाव टाकलं, गाव टाकलं, आणि संगणक फट्‌दिशी बंद! पुन्हा चालू, पुन्हा बंद.

डबा उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्यात माझीच अक्षता, कुंकवासकट, पाचर मारल्यासारखी रुतलेली. काढली; पण मोटर जळाली होती. खालचं ॲल्युमिनियम असं तापलेलं, की भाकरी टम्म फुगली असती. टेबलफॅन समोर धरला, तर लाइट गेली! आमच्या इन्व्हर्टरला संगणक आणि प्रिंटर एवढेच जोडलेले, पंखा न्हाय.

मी तोंडानंच फुंकर मारायला लागलो. ताईंनी मात्र पिशवीतून बाजारातलं कोरं सूप काढलं.

"दादा, तुम्ही फॉर्म भरा. वारं माझ्याकडं लागलं."

आणि काय ते वारं! भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढं गेलं. हायवेवरचे ट्रक वाकडे व्हायला लागले. मी तर कानाला रुमाल बांधला. संगणक मात्र गार, आणि चालू!

शेजारचे चहावाले चाचा दारात येऊन ओरडले, "क्यूं मियाँ, चूल पेटंना व्हय?"

"हसा चाचा, हसा," ताई म्हणाल्या, "नोकरी लागली की पहिला चहा तुमच्याकडंच."

पाचला सात मिनिटं. ताईंच्या मोबाइलवर ओटीपी आला. आता मोबाइल बघायचा की वारा घालायचा?

"द्या इकडं!" चाचांनी सूप ओढलं आणि लुंगी खोचून असे भिडले, की मलाच खुर्ची धरून बसावं लागलं.

"चार... नऊ... शून्य..."

"लवकर बोल बेटी, खांदा निखळला माझा!"

शेवटचा आकडा टाकला. बटण दाबलं. 'अर्ज यशस्वीरीत्या सादर.' प्रिंटरमधून पावती निम्मी बाहेर आली, तोच चाचा दमून थांबले आणि संगणकानं मान टाकली. ताईंनी ती निम्मी पावती डोळ्यांजवळ नेली. अर्ज क्रमांक वरच्याच ओळीत होता.