बनी पार्कात माकडं किती?

हे बघा, चहा संपेपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. सरकारला एक साधा प्रश्न विचारून माणूस किती खोल खड्ड्यात जाऊ शकतो, ते आज सांगतो. खड्डा मीच खणला होता, आणि खणताना शीळसुद्धा घालत होतो!

माहितीचा अधिकार नवा नवा आला होता, तेव्हाची गोष्ट. मी जयपूरला रेल्वेच्या ऑफिसात बाबू. घर बनी पार्क नावाच्या वस्तीत, डोक्यावर गच्ची. बायको शैला जवळच्याच सरकारी शाळेत शिक्षिका. तिचे वडीलही रेल्वेत, त्यामुळे ती जयपूरलाच जन्मली आणि वाढली. मराठी बोलते, पण मधूनच हिंदीत घसरते. आणि एवढ्या वर्षांत तिने समुद्र पाहिलेला नव्हता!

दर मे महिन्यात मी तिला कुठे न्यायचो? माझ्या गावी, भुसावळला. म्हणजे भट्टीतून काढायचं आणि तव्यावर ठेवायचं. त्या वर्षी मात्र शब्द दिला. पास काढला आणि रत्नागिरीचं रिझर्वेशन केलं. शैलाने तिकिटं देवघरात ठेवली. रोज दिवा लावताना एकदा तारीख बघायची.

अशात होळीच्या सुमारास तिने कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवा, चीक काढा, घोटा, सोऱ्यातून पाडा. सगळं गच्चीवर वाळत घातलं आणि दुपारी वर जाऊन बघतो तर माकडांची पंगत बसलेली! एक दांडगा तर कठड्यावर बसून चवीने खात होता. मला बघून त्याने असं तोंड केलं, जणू काही मीठ कमी पडलंय.

मी तडक शहराच्या दुसऱ्या टोकाला, झालान्याला गेलो. तिथल्या एका कार्यालयात माकडांचं काम चालतं, नाव कशाला सांगू? टेबलावर शर्माजी नावाचे बाबू होते.

"भाईसाब," ते म्हणाले, "बनी पार्क में बंदर ज़्यादा नहीं हैं. जितने होने चाहिए, उतने ही हैं."

"कितने होने चाहिए?"

"जितने हैं."

आता सांगा, यावर कुणाचं रक्त उसळणार नाही? घरी येऊन अर्जच ठोकला. सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. बनी पार्कातील माकडांची एकूण संख्या, गल्लीनिहाय. नर, मादी, पिल्लं वेगवेगळी. मोजणाऱ्याचं नाव आणि हुद्दा.

शैलाने वाचलं. "अहो, माकडं पकडायला सांगायचं सोडून मोजायला का सांगताय?"

"तुला नाही कळायचं. आधी आकडा. आकडा हातात आला की सरकार हलतं."

महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं : सूचना उपलब्ध नहीं है. सूचना म्हणजे हिंदीत माहिती.

दुसरा कुणी गप्प बसला असता. पण मी रेल्वेचा बाबू! हे वाक्य मी स्वतः आठवड्यातून दहादा लिहितो. त्याचा अर्थ मला पाठ आहे : शोधायचा कंटाळा आला. मी अपील केलं.

सुनावणीच्या दिवशी शर्माजींनी मला व्हरांड्यात गाठलं. चहा पाजला. मला! चहा!

"लिखकर दे दीजिए कि आप संतुष्ट हैं," ते काकुळतीला आले. "गर्मी आ रही है. क्यों सबको दौड़ाते हैं?"

"दौड़ने दो सबको!" मी म्हणालो. त्या 'सबको'त कोण कोण येतं, हे विचारायची बुद्धी काही झाली नाही.

आत अपिलाचे साहेब बसलेले. मोठे शांत गृहस्थ. ते म्हणाले, जी माहिती आमच्याकडे नाहीच, ती तयार करून देणं कायद्याने बंधनकारक नाही. खरं तर इथे उठून यायचं. पण मला कंठ फुटला होता ना!

"गिनती ही नहीं है, तो आप बंदर पकड़ते किस आधार पर हैं?"

साहेबांनी चष्मा काढला. खिडकीबाहेर बघितलं. "बात तो सही है," ते म्हणाले. "गिनवा लेते हैं."

शर्माजींनी कपाळाला हात लावला. मी मात्र चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, उतरून मावा कचोऱ्या घेतल्या आणि पुढे आठवडाभर ऑफिसात, अपील कसं लढवावं यावर व्याख्यानं दिली.

मग सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शैला शाळेतून आली. चपला न काढताच समोर उभी राहिली. "हे वाचा."

आदेश होता. वॉर्डातल्या सरकारी शाळांच्या सर्व शिक्षकांनी सुट्टीत, सकाळ-संध्याकाळ, माकडांची गणना करायची. गाव सोडायचं नाही.

"काय मूर्खपणा आहे!" मी ओरडलो. "मास्तरांनी माकडं मोजायची? कुठल्या गाढवाच्या डोक्यातून निघालं हे?"

"वर संदर्भ लिहिलाय. तो वाचा."

वाचला. प्रथम अपील. पुढे माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि घराचा पत्ता.

"बड़ी बहनजींनी स्टाफरूममध्ये जोराने वाचलं," शैला म्हणाली. "नाव आलं तशा सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मतलब, मी काय सांगायचं त्यांना?"

भांडली असती तर बरं झालं असतं. ती देवघरात गेली, तिकिटं काढली आणि नुसती हातात धरून बसली.

दुसऱ्या दिवशी मी त्या बड़ी बहनजींसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकेसमोर उभा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "अच्छा! तो आप हैं!"

"मॅडम, हिच्या जागी दुसरं कोणी मोजलं तर?"

"सरकारी आदमी होना चाहिए," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

तर मंडळी, शैला आणि आमची मुलगी मिनू रत्नागिरीला गेल्या. मी रजा टाकून, डोक्याला ओला पंचा बांधून, रजिस्टर घेऊन गल्लोगल्ली. माकड रांगेत उभं राहतं का हो? एका गल्लीत लिहावं, तोवर ते दुसऱ्या गल्लीत! पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं, ते धरायचं की सोडायचं? लोक गच्चीवरून हाका मारायचे, "आइए, बंदर वाले साहब!" एका माकडाने पेन पळवलं, ते मात्र मी नरांत धरलं.

अशातच शैलाचा फोन आला. "अहो, ऐका!" तिने मोबाईल समुद्रापुढे धरला. "इतकं पाणी! मतलब, संपतच नाही हो!" एवढी आनंदात मी तिला कधी ऐकली नव्हती. खरं सांगतो, जरा बरं वाटलं.

पावसाळ्यात रजिस्टर्ड पाकीट आलं. माझ्या अर्जाचं उत्तर, सही-शिक्क्यानिशी. गल्लीनिहाय आकडे; नर, मादी, पिल्लं, सगळं वेगवेगळं. तळाशी शर्माजींच्या हातची चिठ्ठी : आता तरी संतुष्ट आहात ना? नसाल तर दुसरं अपील करता येईल.

आकडा बघताच मला कळलं, तो साफ खोटा आहे. अपील केलं असतं तर हमखास जिंकलो असतो!

पण करणार कसं? शेवटच्या तीन गल्ल्या मी घरात कूलरसमोर आडवा पडून मोजल्या होत्या.