पंगतीचा तांब्या

"आप्पा, तुमच्या काळी गरिबी होती, म्हणून तुम्ही भांडी जपलीत. आता काय कमी आहे?" काल साखरपुड्याच्या जेवणात माझ्या हातातला पितळी तांब्या पाहून पुतण्याने हे चारचौघांत ऐकवले आणि मंडळी हसली.

मांडवामागे प्लॅस्टिकच्या ग्लासांचा ढीग वाऱ्याने गडगडत होता. एकेका ग्लासाने फार तर दोन घोट पाणी पाजले असेल. तो ढीग म्हणजे वैभव आणि माझा तांब्या म्हणजे दारिद्र्य! आपली घाण दुसऱ्याने उचलावी, याहून या सोयीला निराळा अर्थ मला तरी दिसत नाही. माझ्या वडिलांच्या शिस्तीला नाइलाज ठरवणारे हे कोण?

आमच्या गावात पंगतीला प्रत्येकाने आपले भांडे न्यावे आणि जेवणानंतर विहिरीवर स्वतः घासून घरी आणावे, असा रिवाज होता, हे मी त्याला तिथेच सांगितले. "गडीमाणसं परवडत नसतील," पुतण्या पुन्हा हसला.

तर ऐक, बाळा. निम्म्या गावाची जमीन ज्यांच्या नावावर होती, ते इनामदार माझ्या वडिलांशेजारी उकिडवे बसून आपला चांदीचा तांब्या स्वतःच्या हाताने घाशीत असत.