वरचं पाणी कुणी ओतलं

सरांनी शाईचं पॅड टेबलावरून माझ्याकडं ढकललं. म्हणाले, "मावशी, इथं अंगठा द्या आणि मोकळ्या व्हा."

टेबलाभोवती सातजण. सगळे शिकलेले, सगळे बसलेले. मी उभी. हात ओले, साबणाचे. सगळे त्या हातांकडं बघत होते.

कोल्हापुरातल्या एका जंतूंच्या प्रयोगशाळेत मी काचसामान धुते. एकोणीस वर्षं झाली. उचगावहून येते. शाळा चौथीपर्यंत. पहिल्या दिवशी मला आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी चहा बीकरमध्ये आला. बाकीच्यांना कप. "तुम्हीच धुता की ओ मावशी, स्वच्छच असणार," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ज्या काचेत रोग वाढवतात, त्याच जातीच्या काचेत माझा चहा. मी प्यायले. वर्षानुवर्षं प्यायले. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

आमच्याकडं दवाखान्यातून आलेले जंतू वाढवतात. पूर्वी जंतूच हवे असायचे. बाटली यंत्रात गरगर फिरवली की जंतू तळाला बसतात. तळ खरवडून छोट्या नळीत, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि वरचं पाणी जंतू मारायच्या औषधाच्या बादलीत ओतायचं. सगळ्यांचे हात त्याला सरावलेले. दोन वर्षांपासून काम उलटं झालं. आता तळ टाकायचा, वरचं पाणी जपायचं. का, ते मला नाझनीननं सांगितलं. ती इथं सरांच्या हाताखाली पीएचडी करते. माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटीच.

"मावशी, जंतू आपल्या अंगावरच्या पापुद्र्याच्या बारीक पिशव्या सोडतोय. आत विष. जंतू राहतोय लांब, आणि पिशवी जाऊन माणसाच्या पेशीला चिकटतीया. त्या पिशव्या ह्या पाण्यात हायत."

डोळ्याला काही दिसत नाही. पाणी नुसतं पिवळसर. पण तेव्हापासून मी त्या भरलेल्या बाटल्यांच्या वाटेला गेले नाही.

सरांनी अंगठा मागितला त्याच्या आदल्या दिवशी चार बाटल्यांतलं वरचं पाणी गेलं. नाझनीनचं तीन आठवड्यांचं काम. रिकाम्या बाटल्या माझ्या मोरीजवळच्या ट्रेमध्ये होत्या. एवढ्यावरून ठरलं की ओतणारी मीच. तसं म्हणाला अभिजित. तोही इथंच संशोधन करतो, मुरगूडचा, सरांचा उजवा हात.

"मावशी, तुम्हास्नी काय कळतंय त्यातलं? द्या की अंगठा. सर काय फासावर देत न्हाईत तुम्हाला."

नाझनीन खाली बघत होती. तिच्या प्रबंधाला सरांची सही लागते.

मी कागद उचलला.

"अहो, वाचायचा नाही, अंगठा द्यायचाय," सर म्हणाले. पुन्हा हशा.

मी मोठ्यानं वाचला. जोडाक्षरांपाशी अडखळले, पण वाचला. 'माझ्या अज्ञानामुळे नमुना नष्ट झाला. मला कामावरून कमी केल्यास माझी तक्रार राहणार नाही.' खाली माझं नाव. पूर्ण, आडनावासकट.

हशा थांबला.

मला वाटलं, पिशवी दिसत नाही असं कोण म्हणतं? ही काय समोर. एकानं भरायची, दुसऱ्याच्या अंगाला चिकटवायची, आपण लांब उभं राहायचं. भीती वाटत होती. हे काम गेलं तर या वयात मला दुसरं कोण देणार? तरी बोलले.

"सर, भरलेली बाटली माझ्याकडं कधी येत न्हाई. ह्या चार आल्या तवा रिकाम्या हुत्या. तळ खरवडून काढलेला. रेघा बघितल्यात मी. टाकायचा तळ कुणी एवढा जपून खरवडतंय व्हय?"

मी फ्रीजकडं बोट केलं.

"फ्रीज उघडा. मी हात लावत न्हाई. तुम्हीच उघडा."

नाझनीन उठली. उघडला. वरच्या कप्प्यात चार छोट्या नळ्या, आत तळाचा गाळ. चिठ्ठ्यांवर अभिजितचं अक्षर, आदल्या दिवसाची तारीख. जुन्या सवयीनं त्यानं तळ ठेवला होता आणि पाणी ओतलं होतं. चूक कुणाचीही होते. पण नळ्या बघून तो दचकला नाही. म्हणजे त्याला आधीच कळलं होतं. नळ्या लपवायचीही गरज वाटली नव्हती त्याला. माझा अंगठा पुरेसा होता.

सर म्हणाले, "ठीक आहे. विषय संपला. जा कामाला." कागदाची घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकली.

"तो कागद फाडा. आणि माझ्यावर खोटा आळ घेतला, चूक तुमची झाली असं लिहून द्या."

"फार शहाणी झालीस."

"झालीस न्हाई. झालात म्हणायचं. तुमच्या आईच्या वयाची हाय मी."

मग मी कोरा कागद घेतला. जे घडलं ते लिहिलं. सही केली. ऑफिसात दिला आणि पोच घेतली. शिक्का मारून.

आज आठवा दिवस. बीकरमधला चहा मी परत पाठवते. बाकीच्या खोल्यांचं काचसामान धुते, सरांच्या खोलीतली एकही बाटली धुवत नाही. ज्या कंत्राटदारामार्फत मी इथं लागले, त्यानं निरोप पाठवला, पुढच्या महिन्याचं काय ते बघू. बघा म्हटलं. काम गेलं तर जाऊ दे. सरांच्या ड्रॉवरातल्या त्या कागदावर माझं नाव आहे तोवर मी हटणार नाही.

काल अभिजित मोरीपाशी आला. "मावशी, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणतात सर. ट्रे भरलेत की ओ सगळे."

"पंचगंगेला बी मिळालं न्हाई अजून. ड्रॉवरात हाय."

मी नळ सोडला.

"तुम्ही आणि सर, दोघं बी लिहून आणा. न्हाईतर धुवा आपापल्या बाटल्या."